दशरथाचा थोरला

आमच्या घरात रामफळाला रामफळ म्हणायची सोय नव्हती. लोणावळ्याला स्टेशनापलीकडे आमची चाळ होती. तिच्या मागच्या अंगाला एक झाड होतं आणि होळीच्या सुमाराला त्याची फळं पिकायची. आजी पिकलेलं फळ पदरात झाकून आणायची, माझ्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "खा पोरी, सीताफळाचा दादला हाय."

सातव्या वर्षापर्यंत मला त्या फळाचं तेवढंच नाव ठाऊक होतं. शाळेत बाईंनी फळांची नावं विचारली तेव्हा मी उठून खणखणीत आवाजात हेच सांगितलं. सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या आणि ते मला जास्त लागलं. घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि आजीला जाब विचारला.

"मंग खोटं काय सांगितलंस तू?" आजी सुपातले दाणे पाखडता पाखडता म्हणाली. "दादला न्हाई व्हय त्यो तिचा?"

खोटं नव्हतं, हे खरं. पण एक नाव तोंडात येऊ नये म्हणून आजी जेवढी वळणं घ्यायची तेवढी घाटात आगगाडीनंही घेतली नसतील.

माझ्या आजोबांचं नाव रामजी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, अशी तेव्हाच्या बायकांची समजूत. बाकीच्या बायका नाव तेवढं टाळायच्या आणि सणासुदीला उखाण्यात गुंफून लाजत लाजत घ्यायच्याही. आजीला ती सवलत मान्य नव्हती. रामजीतला राम जिथं जिथं येईल तिथं तिथं ती जीभ आवरायची. आणि मराठी बोलणाऱ्याला राम किती ठिकाणी आडवा येतो, हे आमच्या आजीबरोबर राहिल्याशिवाय कळायचं नाही. वाटेत कुणी "रामराम मावशी" म्हणालं की आजी म्हणायची, "तुलाबी त्योच." रामनवमी म्हणजे 'चैतातली नवमी'. रामाचं देऊळ म्हणजे 'मारुतीच्या धन्याचं देऊळ'. स्टेशनावर रामू नावाचा एक हमाल होता, त्याला ती लक्ष्मण म्हणून हाक मारायची आणि तो बिचारा ओ द्यायचा. बाकीचं जग म्हणतं, अमक्या गोष्टीत आता राम राहिला नाही. आजी म्हणायची, "त्यात आता आमचं ते न्हाई ऱ्हायलं."

सासऱ्याचं नावही घ्यायचं नसतं. ते होते धोंडू. म्हणून आजी धोंड्याला दगड म्हणायची. त्यात विशेष अडचण नव्हती.

ती दिसायला उंच, काटक. नाक असं की, गावातली माणसं नागफणीच्या डोंगराच्या नाकाडासारख्या सुळक्याकडे बोट दाखवून तिला चिडवायची. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, हातात काचेच्या बांगड्या. सकाळी ती गूळदाणीच्या, म्हणजे हल्लीच्या चिक्कीच्या, दुकानात जायची. पुढच्या बाजूला गिऱ्हाईकं, मागच्या बाजूला चार-पाच बायका शेंगा फोडायला, दाणे भाजायला. भाजलेल्या दाण्यांची सालं पाखडावीत तर आमच्या आजीनं. एका झटक्यात सालं अंगणात आणि दाणे सुपात. दुकानाचे शेठ म्हणायचे, "मावशी, तुमचा हात लागला की गुळाला चव येते." त्यावर आजी म्हणायची, "हात लागंल तवा चव कमी व्हईल, शेठ. म्या नुसतं सूप हालवती."

ती दुकानात लागली तेव्हा तिनं शेठना पहिला प्रश्न काय विचारला असेल? पगाराचा नव्हे, कामाचा नव्हे. "तुमचं नाव काय? पुरं सांगा. बापाचं सांगा. गाव कंचं?" तिची ही दुसरी तऱ्हा. कोणीही नवा माणूस दिसला की त्याला अडवून नाव, बापाचं नाव, गाव असं ओळीनं विचारायचं. दुधवाला, पोस्टमन, बंगल्यावर हवा खायला आलेल्या साहेबाचा बटलर, सगळे तिच्या तावडीतून गेलेले. एकदा सांगितलेलं नाव ती कधी विसरली नाही. चार वर्षांनी तो माणूस परत दिसला तर ती रस्त्याच्या पलीकडून सगळं नाव गावासकट उच्चारायची आणि तो दचकायचा.

मला तिनं बोलायला शिकवलं तेच मुळी माझं नाव, बाबांचं नाव आणि 'मुक्काम लोणावळा, टेसनाच्या पल्याड' हे. कार्ल्याच्या जत्रेत मी पाच वर्षांची असताना हरवले. एका पोलिसानं मला उचलून घेतलं आणि नाव विचारलं. मी रडत रडत इतका सविस्तर पत्ता दिला की तो म्हणाला, ही पोर आहे की पोस्ट हापीस? आजी भेटली तेव्हा तिनं मला जवळ घेतलं नाही. आधी पोलिसाला विचारलं, "पुरं नाव सांगितलं का तिनं?" तो हो म्हणाला. मग तिनं मला पोटाशी धरलं आणि मला श्वास घेता येईना इतकं घट्ट धरलं.

माझ्या पाटीच्या चौकटीवर, दप्तरावर, छत्रीच्या दांड्यावर, बाबांच्या सदऱ्याच्या गळपट्टीवर, सगळीकडे नावं. तिला लिहिता येत नव्हतं. ती माझ्याकडून लिहून घ्यायची आणि बोटानं अक्षरांवरून फिरवून बघायची. माझ्या वर्गातल्या मुली मला 'छत्रीवाली पाटलीण' म्हणायच्या. मला आजीचा राग यायचा. ती असं का करते हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची अक्कल मला नव्हती.

सांगितलं ते शेवटी बाबांनी. बाबा रेल्वेत सांधेवाले होते. गाडीची वाट बदलायचं काम. कमी बोलायचे. शाळेत वंशावळ लिहून आणायला सांगितली होती, म्हणून मी आजीला आजोबांचं नाव विचारलं. ती म्हणाली, "तुज्या बाला ईचार." बाबांनी नाव सांगितलं आणि त्याबरोबर बाकीचंही सांगितलं.

आजी बेडशाची. डोंगरातल्या लेण्यांच्या पायथ्याशी तिचं माहेर. लग्न होऊन कुरवंड्याला आली. आजोबा थोडी शेती करायचे आणि पलटणीत भरती झाले. पहिली मोठी लढाई लागली तेव्हा त्यांची पलटण बोटीनं बसऱ्याकडे गेली. तिकडून एक पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवलेलं. जखम झाली आहे, बोटीनं मुंबईस आणून पुढं पुण्यास दवाखान्यात नेणार आहेत, काळजी नसावी. तारीख नव्हती.

पुण्याला जाणारी गाडी लोणावळ्यावरून जाते. आजीला एवढं पुरलं. चार वर्षांच्या बाबांना कडेवर घेऊन ती कुरवंड्याहून दोन कोस चालत खाली आली आणि स्टेशनापलीकडे चाळीत एक खोली घेऊन राहिली. घाट चढायला गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन लावतात, ते लोणावळ्याला सोडतात. ते सोडेपर्यंत गाडी उभी. तेवढा वेळ आजीचा. पुढं आयुष्यभर ती वेळ त्यानंच मोजायची. "इंजन सोडस्तवर ये," म्हणजे लवकर ये.

जखमी शिपायांच्या गाड्या येत होत्या. आजी फलाटावर उभी राहून खिडक्या बघायची. डब्यांजवळ जाऊ देत नसत. एका दुपारी अशीच गाडी आली आणि एक इस्पितळवाला खाली उतरला. त्याच्या हातात कागद होता, त्यावर नावं होती. दूर मुलखातला माणूस, मराठी येत नव्हतं, पण मनानं बरा. पदर डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईजवळ तो आपणहून आला.

"किस को ढूँढती हो, माई? नाम बोलो."

आजी म्हणाली, "आमचं हे."

"हे कौन? नाम, नाम."

 नवरा जखमी, जिवाशी झुंजत असलेला. अशा वेळी त्याचं नाव घेऊन त्याच्या आयुष्यातले दिवस कमी करायचे? सासऱ्याचं नावही घेता येत नाही. तिनं कुरवंड्याचं नाव सांगितलं. त्याच्या कागदावर गावं नव्हती. मागं इंजिन सोडत होते, साखळ्या वाजत होत्या. आजीनं आपल्या बुद्धीनं मार्ग काढला. आमच्या मुलखातल्या कुठल्याही पोराला सांगितलं असतं तर त्याला तो झटक्यात कळला असता.

"दशरथाचा थोरला," ती म्हणाली.

"दशरथ?" तो म्हणाला, आणि कागदावर बोट फिरवू लागला. वरून खाली, मग मागची बाजू. "दशरथ… दशरथ तो नहीं है, माई."

"दशरथ न्हाई ओ. त्याचा थोरला. सीतामाईचा…"

शिट्टी झाली. तो डब्यात चढला. गाडी हलली तेव्हा मधल्या एका डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, पट्ट्या बांधलेला, आणि हलला. आजीसाठी हलला, की सावली करायला पडदा ओढत होता, की माशी हाकलत होता, ते देवाला माहीत. आजी गाडीमागं फलाटाच्या टोकापर्यंत धावली.

"मी तिच्या पदराला धरून उभा होतो," बाबा म्हणाले. "मला बापाचं नाव ठाऊक नव्हतं. घरात ते कधी कानावर पडलंच नाही. मला ठाऊक असतं तर मी सांगितलं असतं." एवढं बोलून ते कंदील पुसायला लागले. कंदील पुसलेलाच होता.

आठ दिवसांनी धाकटे आजोबा, म्हणजे आजीचे दीर, पुण्याला जाऊन आले. तिथं त्या नावाचे तिघं निघाले, आपला एकही नव्हता. पुढं वर्षभरानं सरकारी कागद आला. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवला, 'ठावठिकाणा लागत नाही'. आजीनं त्यांना तो दोनदा वाचायला लावला. "ठिकाणा न्हाई," ती म्हणाली. "म्हंजी मानूस हाय. मानूस न्हाई असं लिवलंय का कुटं?" पोस्टमास्तर म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. झालं. आजी कुरवंड्याला परत गेली नाही. तिचं कुंकू तसंच राहिलं आणि राम तिच्या तोंडून हद्दपार झाला. जोवर ती नाव घेत नाही तोवर त्यांच्या आयुष्यातला एक दिवसही तिच्याकडून कमी होणार नव्हता.

बारा वर्षं झाली तेव्हा दीर खाली आले. बारा वर्षांनी माणसाचा पत्ता नसला तर दर्भाचं माणूस करून त्याला अग्नी देतात, अशी रीत आहे.

"वैनी, बारा वर्सं झाली," ते म्हणाले. "आता दादाचं करून टाकू. लोक बोलत्यात. तुमी सवाष्णीवानी फिरता."

"करा की," आजी म्हणाली. "पन भाऊजी, येवढं सांगा मंग. त्ये आल्यावर त्येंला काय सांगू? तुमालाच जाळून टाकलं म्हनून?"

दीर उठून गेले. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. पण कुरवंड्यात लग्नकार्यात आजीला ओटी भरायला बोलवायचं की नाही यावर दर वेळी कुजबूज व्हायची, म्हणून तिनं जाणंच सोडलं. दिवाळीच्या आधी नागफणीच्या बाजूला, कुरवंड्याकडे तोंड करून ती बराच वेळ उभी राहायची. तिकडच्या भाताला आता लोंब्या आल्या असतील, एवढंच म्हणायची.

हे सगळं ऐकलं त्या दिवशी मी धावत घरात गेले आणि, लहान पोरांना अक्कल नसते, मोठ्यानं ओरडले, "आजी, आजोबांचं नाव रामजी!"

मला वाटलं ती रागावेल. ती चुलीपुढं बसली होती. हातातली फुंकणी तिनं खाली ठेवली.

"काय म्हनलीस?"

"रामजी."

"आजून येकदा म्हन."

मी म्हटलं. तिनं डोळे मिटले. चुलीतला जाळ विझत आला तरी तिचं लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. रोज कधीतरी, वेणी घालताना, दाणे सोलताना, ती म्हणायची, "म्हन ग." आणि मी म्हणायचे, "रामजी धोंडू, मुक्काम कुरवंडे." ज्या बाईनं रामफळाचं नाव घेतलं नाही तिला ते नाव ऐकायची एवढी तहान होती. बाबांना ती कधी 'म्हन' म्हणाली नाही. का, ते मला माहीत नाही. मला फक्त एवढं कळत होतं की या घरात माझं एक काम आहे आणि ते फार मोठं आहे.

मग दुसरी लढाई लागली. पुन्हा शिपायांच्या गाड्या सुरू झाल्या. आता विजेची इंजिनं होती, धूर नव्हता, पण खिडक्यांतले चेहरे तसलेच. आजीनं कळशी आणि तांब्या घेतला आणि ती फलाटावर जाऊ लागली. मला बरोबर न्यायची. पाणी ती द्यायची. नाव मी विचारायचं.

"तुझं नाव काय? पुरं सांग." कुणी नाशिकचा, कुणी साताऱ्याचा, कुणी कुठल्या कुठला. ते हसत हसत सांगायचे. आजी प्रत्येकाचं नाव एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणून बघायची. "घरी कारभारीन हाय का? मंग तिला नाव घ्यायला शिकीव," असं तिनं एका कोवळ्या शिपायाला बजावलं. "लाजंल. लाजू दे. पन टेसनावर लाजू नको म्हनावं." तो पोरगा काय समजला कोण जाणे, पण तांब्या परत देताना त्यानं तिच्या पायांना हात लावला.

त्यातला एखादा वयस्क सुभेदार आजी मला कोपरानं ढोसून दाखवायची. मग मी विचारायचे, "मागच्या लढाईत रामजी धोंडू, कुरवंड्याचे, तुमच्या पलटणीत होते का?" सुभेदार मान हलवायचे. एकानं विचारलं, "तुझे कोण?" मी म्हटलं, "आजोबा." त्यानं आजीकडे बघितलं. मग त्यानं पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातावर ठेवली. आजी म्हणाली, "ह्येंनी आमच्या त्येंना पाह्यलंय. सांगत न्हाईत." मला नव्हतं तसं वाटलं. पण ती संत्री आजीनं कितीतरी दिवस सोलू दिली नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी चौदाची झाले होते. मराठी सातवी झाली होती, पुण्याला पुढं शिकायला जायचं घाटत होतं आणि मी शहाणी झाले होते. त्या दिवशी फलाटावर माझ्या वर्गातल्या तिघी मुली उभ्या होत्या, नीटनेटक्या, वेणीला रिबिनी. गाडी आली. आजीनं कळशी कमरेवर घेतली आणि मला म्हणाली, "म्हन ग, ईचार त्येंला." मुलींनी आमच्याकडे बघितलं. एक दुसरीच्या कानात काहीतरी बोलली आणि हसली.

"मी नाही विचारणार," मी म्हटलं.

"आगं, गाडी सुटंल."

"सुटू दे. तूच घे नाव. तुझा नवरा आहे. आणि इतकी वर्षं झाली, आजोबा काय आता परत येणार आहेत का?"

हे मी बोलले. मीच बोलले.  आजी खिडकीकडे वळली. आत एक पिकल्या मिशांचा माणूस बसला होता. तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. तिच्या गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. आवाज आला नाही. त्या माणसाला वाटलं ही मुकी आहे, त्यानं खुणेनं पाणी मागितलं. तिनं दिलं. गाडी गेली.

घरी येताना ती नेहमीसारखीच चालत होती. एवढंच म्हणाली, "कळशी जड झाली ग आज." त्यानंतर तिनं मला कधी 'म्हन' म्हटलं नाही. मी वाट बघायचे. वेणी घालताना आता म्हणेल, मग म्हणेल. मी आपणहून म्हणायला हवं होतं. आपणहून म्हणायचं सोडून मी ती म्हणेल म्हणून वाट बघत बसले, आणि तेवढ्यात माझी पुण्याची ट्रंक भरली गेली. ट्रंकेच्या झाकणावर आजीनं बाबांकडून माझं नाव लिहून घेतलं होतं.

पुण्यात बोर्डिंगात मला ती रोज आठवायची. खिडकीतून गाडीची शिट्टी ऐकू आली की मला दाण्यांच्या सालांचा वास यायचा. सुट्टीत घरी गेले की आम्ही सगळं बोलायचो. ते एक सोडून.

माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा बाबांची तार आली. मी पोचले तेव्हा दुपार होती. आजी खाटेवर होती आणि चाळीतल्या बायका भोवती जमल्या होत्या. ती फार लहान दिसत होती. कुंकू मात्र ताजं होतं, शेजारच्या मावशींनी लावलेलं. डोळे उघडे, पण माझ्यावर ठरत नव्हते. बाबा उशाशी बसले होते.

मावशी तिच्या कानाशी वाकून सांगत होत्या, "राम म्हणा. आजी, राम म्हणा हो. देवाचं नाव घ्या."

आजीनं ओठ गच्च मिटले.

"राम म्हणा, आजी. एकदाच."

तिनं मान फिरवली. एवढी ताकद तिच्यात राहिली होती याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. बायका हळहळल्या. कुणी म्हणालं, जन्मभर म्हणाली नाही, आता कशी म्हणेल. कुणी म्हणालं, अशानं जिवाला गती नाही मिळायची.  बाबांनी माझ्याकडे बघितलं.

स्टेशनात पुण्याची गाडी आली. खिडकीतून आवाज आला. आजीनं तो ऐकला, तिच्या बोटांनी पदर चाचपला. मी मावशींना बाजूला केलं, खाटेजवळ खाली बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. काय म्हणायचं ते मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आलं.

"किस को ढूँढती हो, माई? नाम बोलो."

तिचे डोळे माझ्यावर ठरले. मला ती ओळखत होती की नाही, सांगता येणार नाही. तिनं श्वास घेतला, मग आणखी एक. गळ्याची तीच शीर फुगली.

"रामजी," आजी म्हणाली.

आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. मागून बायकांनी एकदम हात जोडले. "राम म्हणाली! राम म्हणाली ग बाई! सोनं झालं." त्यांच्या गलबल्यात पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. मी कानाशी होते म्हणून मला ऐकू आलं.

"रामजी धोंडू. मुक्काम कुरवंडं." आणि मग अगदी हळू, विनवणी केल्यासारखं, "यादीत बग, बाबा."

"आहे, माई," मी म्हटलं. "मधल्या डब्यात आहेत. हात हलवला ना त्यांनी, तेच."

तिनं माझा हात दाबला. गाडी सुटायच्या आत ती गेली.

नंतर कितीतरी दिवस चाळीत, दुकानात, कुरवंड्यातसुद्धा, लोक सांगत राहिले की म्हातारीनं जन्मभर देवाचं नाव घेतलं नाही, पण शेवटी राम म्हणूनच डोळे मिटले. दीर येऊन रडले. शेठ म्हणाले, पुण्यवान बाई. मी कुणालाच काही सांगितलं नाही. देव रामाच्या बापाचं नाव दशरथ. आजीनं धोंडू सांगितलं होतं.